मोंटानाचा माळ, बायसन आणि रँचर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, मिसूरी नदीच्या दोन्ही अंगांना, एक बिनसरकारी संस्था वीसेक वर्षांपासून एकेक रँच, म्हणजे गुरं पाळण्याचं मोठं खाजगी रान, विकत घेते आहे. तिथला मूळ माळ पुन्हा सलग जोडायचा आणि त्यावर बायसनचे कळप परत आणायचे, हा तिचा उद्देश. त्याच माळावर चार-चार पिढ्या गुरं पाळणारी माणसंही राहतात. त्यामुळे ही गोष्ट गवताइतकीच शेजाराचीही आहे.

ही संस्था कोणती आणि तिचं लक्ष्य किती मोठं आहे?

नाव 'अमेरिकन प्रेअरी'. २००१ साली स्थापना, मुख्यालय बोझमन शहरात. पहिली जमीन २००४ साली घेतली. आज मालकीची आणि भाडेपट्ट्याची मिळून पाच लाख एकरांहून जास्त जमीन तिच्याकडे आहे, आणि त्यात मालकीपेक्षा भाडेपट्ट्याचा हिस्सा बराच मोठा आहे.

लक्ष्य आहे ३२ लाख एकर सलग माळ. ही सगळी जमीन विकत घ्यायची नाही. मधोमध चार्ल्स एम. रसेल राष्ट्रीय वन्यजीव आश्रय आहे, सुमारे ११ लाख एकरांचा. त्याच्या पश्चिमेला मिसूरीच्या खोऱ्यात पावणेचार लाख एकरांचं संरक्षित राष्ट्रीय स्मारक आहे. या सरकारी जमिनींच्या आजूबाजूची आणि अधलीमधली रँच जोडत गेलं तर ३२ लाखांचा आकडा गाठता येतो. ३२ लाख एकर म्हणजे साधारण १३,००० चौरस किलोमीटर, आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडं कमी. हे काम जिथे चालतं त्या फिलिप्स काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्षेत्रफळही जवळपास तेवढंच. सोलापूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ४३ लाख माणसं होती. फिलिप्स काउंटीत आहेत चार हजारांच्या आसपास.

प्रेअरी म्हणजे आपल्याकडचं माळरानच का?

नातं जवळचं आहे. कमी पाऊस, वारा, मैलोन् मैल झाड नाही, आणि जमिनीखाली मुळांचं दाट जाळं. या भागात वर्षाला जेमतेम ३० सेंटीमीटर पाऊस-बर्फ मिळतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. आपल्याकडे पवन्या, मारवेल, कुसळी, तशी तिथे ब्लू ग्रामा, वेस्टर्न व्हीटग्रास, नीडल-अँड-थ्रेड ही गवतं, आणि जोडीला सेजब्रश नावाचं करड्या पानांचं झुडूप.

आणखी एक साम्य आहे. दोन्हीकडे माळाला 'रिकामी जागा' समजलं गेलं. आपल्या सरकारी नोंदींत माळ 'पडीक' म्हणून लागला. तिथे १९०९च्या कायद्याने तो ३२० एकरांचे तुकडे पाडून वसाहतवाल्यांना वाटला.

गवत तर तिथे आहेच. मग पुनरुज्जीवन कशाचं?

मोंटानाच्या उत्तर भागात गवत बऱ्याच प्रमाणात शाबूत आहे, हे खरं. म्हणून तर ही जागा निवडली. पूर्वेकडे आयोवा, इलिनॉय भागात उंच गवताची प्रेअरी जवळजवळ संपूर्ण मक्या-सोयाबीनखाली गेली. तिथे पुनरुज्जीवन म्हणजे शून्यापासून पेरणी. मोंटानात नांगर न लागलेल्या जमिनीचे प्रचंड पट्टे अजून आहेत. गेली आहेत ती माळावरची जनावरं, आणि त्यांनी चालवलेली कामं.

तरीही पेरणीचं काम आहेच. मध्ये मध्ये गहू पेरून नंतर सोडून दिलेले तुकडे आहेत. १९३०च्या दशकात धूप थांबवायला सायबेरियाकडचं क्रेस्टेड व्हीटग्रास लावलं गेलं. ते इतकं घट्ट बसलं की स्थानिक गवताला पाय ठेवायला जागा राहिली नाही. ते काढून देशी बी टोचायचं म्हणजे काही वर्षांची चिकाटी लागते आणि पावसावर भरवसा ठेवावा लागतो. एकदा मोडलेला माळ जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून जो मोडलेला नाही तो न मोडू देणं, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम.

मग इतकी वर्षं तो कोणी मोडू दिला नाही?

रँचरांनी. हा मुद्दा बाजूला ठेवून या विषयावर बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

१९०९ नंतर हजारो कुटुंबं गहू पिकवायला आली. सुरुवातीला पाऊस बरा झाला, पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव मिळाला. १९१७ पासून दुष्काळ लागला. १९२०च्या दशकात राज्यातल्या जवळजवळ निम्म्या बँका बुडाल्या, शेतकरी घरं टाकून निघून गेले. जे राहिले ते गुरांवर राहिले, कारण या जमिनीवर गवताखेरीज काही टिकत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. गाय जगवायची तर गवत जगवावं लागतं. आज तिथे सेज ग्राउज हा पक्षी नाचतो, हरणासारखा प्राँगहॉर्न धावतो, कर्ल्यू पक्षी घरटं करतो, ते त्या कुटुंबांनी नांगर बाजूला ठेवला म्हणून. जास्त चराई, ओढ्याकाठची तुडवण, प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्यांना घातलेलं विष या चुकाही त्याच कुटुंबांच्या इतिहासात आहेत. पण गव्हाचा भाव वाढला आणि गुरांचा पडला की नांगर पुन्हा दाराशी येतो. माळाचा खरा शत्रू नांगर आहे, गाय नव्हे.

बायसन म्हणजे आपला गवा का?

नाही. राधानगरी-दाजीपूरचा गवा हा जंगलातला प्राणी आणि त्याची जात वेगळी. त्याला इंग्रजीत 'इंडियन बायसन' म्हणायची पद्धत पडली, तिथून हा गोंधळ झाला. अमेरिकन बायसन उघड्या मैदानावरचा. खांद्यावर मोठा उंचवटा, पुढच्या अंगावर दाट लोकर, नराचं वजन ९०० किलोपर्यंत.

एकेकाळी उत्तर अमेरिकेत ते ३ ते ६ कोटी असावेत असा अंदाज आहे. १८८०चं दशक संपेपर्यंत हजारसुद्धा उरले नाहीत. कातड्यांचा व्यापार होता, रेल्वे आली होती, आणि बायसनवर जगणाऱ्या मूळ जमातींना उपाशी ठेवून शरण आणण्याचं धोरण होतं. अमेरिकन प्रेअरीने २००५ साली साऊथ डकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १६ बायसन आणले. पुढे कॅनडातल्या एल्क आयलंड उद्यानातून आणखी आले. आज कळप शेकड्यांत आहे.

बायसन असं काय करतो जे गाय करत नाही?

दोघेही गवत खातात, पण माळ वापरण्याची रीत निराळी. गाय पाण्याजवळ आणि ओढ्याकाठी रेंगाळते; बायसन पाणी पिऊन पुन्हा उंचावर जातो. त्यामुळे ओढ्याच्या काठावर विलो आणि कॉटनवूडची रोपं वर येऊ शकतात. हिवाळ्यात बायसन डोकं डावी-उजवीकडे झाडत बर्फ बाजूला करतो आणि खालचं गवत खातो. गायीला थंडीत सहसा वाळलेला चारा घालावा लागतो. बायसन जमिनीवर लोळतो, त्याने वाटीसारखे खड्डे पडतात, पावसात त्यांत पाणी साचतं आणि बेडकांना, किड्यांना डबकी मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो सारखं चरत नाही. कुठे गवत बुटकं, कुठे गुडघाभर, असा चट्ट्यापट्ट्यांचा माळ तयार होतो. माउंटन प्लोव्हर या पक्ष्याला अगदी खुरटी जमीन हवी असते, बेअर्ड्स स्पॅरो या चिमणीसारख्या पक्ष्याला दाट गवत हवं असतं. माळ एकसारखा कापला तर दोघांपैकी एकाचं घर जातं. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले गवताळ प्रदेशातले पक्षी निम्म्याहून जास्त घटले, असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जंगलातल्या पक्ष्यांचीही एवढी पडझड झालेली नाही.

कॅन्ससमधल्या कॉन्झा प्रेअरीत जवळजवळ तीस वर्षं मोजणी झाली. बायसन चरलेल्या जमिनीवर देशी वनस्पतींच्या जाती दुपटीने वाढल्या. गायी चरलेल्या जमिनीवर ४१ टक्क्यांनी. म्हणजे बायसनचा फायदा मोठा, पण गायींनीही जाती वाढल्याच. शिवाय कॉन्झा ही उंच गवताची, बऱ्या पावसाची प्रेअरी आहे. तिथले आकडे कोरड्या मोंटानावर तसेच चिकटवू नयेत.

संस्था जमीन मिळवते कशी? सक्तीने घेते का?

सक्ती नाही. विकणारा राजी असेल तरच, बाजारभावाने, देणग्यांच्या पैशातून. घेतलेल्या जमिनीवर ती इतर जमीनमालकांसारखा मालमत्ता करही भरते.

यातली मेख भाडेपट्ट्यात आहे. पश्चिम अमेरिकेत रँचरच्या मालकीची जमीन थोडी असते आणि तिला जोडून सरकारी चराईचा परवाना असतो. १९३४च्या टेलर चराई कायद्यापासून ही व्यवस्था चालत आली आहे. मूळ जमीन ज्याच्याकडे, त्याला त्या सरकारी कुरणाच्या परवान्यात प्राधान्य. दर ठरतो एक गाय-वासरू महिनाभर किती चरेल या मापावर. अनेक वर्षं तो फक्त १.३५ डॉलर होता. खाजगी कुरणाचा भाव त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून थोडी जमीन विकत घेतली की मोठं कुरण हाती येतं.

म्हणजे तिथून गायी हाकलल्या का?

नाही. संस्थेच्या ताब्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर आजही शेजारच्या रँचरांच्या गायी भाड्याने चरतात आणि त्यांची संख्या बायसनपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण हळूहळू गायी कमी आणि बायसन जास्त ही दिशा संस्थेने लपवलेली नाही, आणि भाड्याने चरणाऱ्याला ती माहीत आहे.

तरी स्थानिक रँचर विरोध का करतात?

रस्त्याकडेला फलक दिसतात: 'काउबॉय वाचवा, अमेरिकन प्रेअरी थांबवा.' फलक वाचून वाटतं की बायसनवर राग आहे. त्याखाली बरंच काही आहे.

पहिलं म्हणजे भाव. बाहेरच्या श्रीमंत देणगीदारांचा पैसा बाजारात उतरला की पंचविशीतल्या मुलाला शेजारचं रँच घेऊन बस्तान बसवणं अवघड होतं. गुरांच्या कमाईतून जमिनीची ती किंमत फिटत नाही.

दुसरं, माणसं. चार हजार वस्तीच्या काउंटीत एक कुटुंब उठलं की शाळेतली दोन-तीन मुलं जातात, अग्निशमनाचा एक स्वयंसेवक जातो, वासरांना डाग द्यायच्या दिवशी मदतीला येणारे चार हात जातात. खेडं ओस पडताना कसं वाटतं हे मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

तिसरं कारण मानाचं आहे. 'आम्ही येऊन हा माळ वाचवतोय' हे वाक्य ज्यांच्या कानावर पडतं त्यांच्या आजोबांनी तो माळ शंभर वर्षं राखलेला असतो. आपण वाईट केलं म्हणून आता आपल्याला बाजूला व्हायचं आहे, असाच अर्थ त्यांना लागतो. संस्थेने सुरुवातीच्या वर्षांत आपलं स्वप्न नकाशावर रंगवून दाखवलं. त्या नकाशात ज्यांची घरं होती त्यांच्याशी बोलणं तेवढ्या नेटाने झालं नाही. मला ही त्या कामातली मोठी चूक वाटते, आणि तिची किंमत ते अजून मोजत आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विकणारेही रँचरच आहेत. म्हातारपण, कर्ज, शहरात गेलेली मुलं अशा कारणांनी ते विकतात. आपली जमीन हव्या त्या माणसाला विकणं हा त्यांचा हक्क आहे, आणि मोंटानात या हक्काला फार मानतात.

बायसनमुळे गुरांना रोग होण्याची भीती खरी आहे का?

रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. त्याने गायी गाभडतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या बायसनमध्ये आणि एल्क या मोठ्या हरणांमध्ये तो आहे, त्यामुळे भीती निराधार नाही. अमेरिकन प्रेअरीचे बायसन रोगमुक्त कळपांतून आणलेले आहेत आणि त्यांच्या तपासणीबाबत राज्याच्या पशुधन विभागाशी करार आहे.

सरकारी कुरणावर बायसन सोडण्याचा वाद काय आहे?

२०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या जमीन व्यवस्थापन विभागाने फिलिप्स काउंटीतल्या सुमारे ६३,५०० एकर सरकारी कुरणावर बायसन चराईला मंजुरी दिली. राज्य सरकार आणि मोंटाना स्टॉकग्रोअर्स असोसिएशन या पशुपालकांच्या संघटनेने अपील केलं. कायद्याचा प्रश्न असा: १९३४चा कायदा 'पशुधना'च्या चराईसाठी आहे. मोंटानात मालकीचा बायसन पशुधनातच मोडतो. पण दूध-मांसाच्या उत्पादनासाठी न पाळता माळ सुधारण्यासाठी पाळलेलं जनावर त्या कायद्याच्या अर्थाने पशुधन आहे का? याचं उत्तर पश्चिमेतल्या प्रत्येक चराई परवान्याला लागू पडेल, म्हणून दोन्ही बाजू इतक्या ईर्ष्येने लढतात.

रँचरांना सोबत घेऊन काम झालं, असं उदाहरण आहे का?

आहे, आणि त्याच फिलिप्स काउंटीत. माल्टा गावाच्या दक्षिणेला मॅटाडोर रँच आहे, सुमारे ६०,००० एकर. 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने ते २००० साली घेतलं. तेव्हाही लोक साशंक होते. मग दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचं गवत संपलं, गुरं विकायची वेळ आली, आणि मॅटाडोरवर गवत होतं.

त्यातून 'गवत बँक' उभी राहिली. कल्पना आधीची, अॅरिझोना–न्यू मेक्सिको सीमेवरच्या रँचरांची. इथे तिला नवं रूप मिळालं. शेजारी आपली गुरं मॅटाडोरवर चारतात आणि भाड्यात सूट मिळवतात. सूट कशाच्या बदल्यात? स्वतःच्या रँचवर केलेल्या कामाच्या. न मोडलेली जमीन मोडायची नाही, ही मूळ अट. त्यापुढे प्रेअरी डॉगची वस्ती राहू दिली तर सूट, सेज ग्राउजच्या नाचाच्या जागा जपल्या तर सूट, प्राँगहॉर्नला जाता येईल असं कुंपण केलं तर सूट, उपरं तण काढलं तर सूट. ६०,००० एकरांच्या जोरावर त्याच्या कितीतरी पट खाजगी जमिनीवर काम होतं, आणि जमीन ज्याची त्याचीच राहते.

मला हे इतकं भावतं कारण यात उपदेश नाही. अडचणीच्या वर्षी गवत दिलं, बदल्यात माळासाठी काही मागितलं. पुढे २००३ साली रँचरांनी स्वतःची 'रँचर्स स्टुअर्डशिप अलायन्स' ही संघटना काढली. तिच्यात कुंपणं सुधारण्यापासून नांगरलेली जमीन पुन्हा गवताखाली आणण्यापर्यंतची कामं रँचर स्वतः ठरवतात.

अमेरिकन प्रेअरीनेही 'वाइल्ड स्काय' हा कार्यक्रम सुरू केला आहे. त्यात शेजाऱ्याच्या जमिनीवर लावलेल्या कॅमेऱ्यात अस्वल किंवा पहाडी सिंहासारखा प्राणी टिपला गेला की त्या रँचरला पैसे मिळतात. वासराला धोका वाटणारा प्राणी जिवंत फिरण्यात रँचरचाही थोडा लाभ असावा, हा हिशेब बरोबर आहे.

कुंपणाचं एवढं महत्त्व का?

प्राँगहॉर्न ताशी ९० किलोमीटरच्या आसपास धावतो, पण उडी मारत नाही, तारेखालून सरपटतो. काही कळप कॅनडाच्या सॅस्कॅचवानपासून मिसूरीपर्यंत शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात, आणि वाटेत काटेरी तारांची रांगच रांग. पाठीची कातडी सोलवटते, बर्फात अडकून मरतात. उपाय साधा: सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४०–४५ सेंटीमीटर वर. गाय तरीही आत राहते. सेज ग्राउज पहाटेच्या अंधारात तारेवर आदळतात, म्हणून तारेला प्लॅस्टिकचे छोटे तुकडे अडकवतात.

प्रेअरी डॉग हा कुत्रा आहे का? रँचर त्याच्यावर का चिडतात?

ती बिळात राहणारी खार आहे. भुंकल्यासारखा आवाज काढते म्हणून हे नाव. ती गवत खुरटं करते आणि गुरांच्या तोंडचा चारा खाते, ही तक्रार. पण तिच्या बिळांत घुबड राहतं आणि तिच्यावर काळ्या पायांचा फेरेट जगतो. हा फेरेट नामशेष झाला असं मानत होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये तो पुन्हा सापडला आणि १९८७ पर्यंत उरलेले १८ पकडून त्यांच्यापासून पैदास केली. १९९४ मध्ये तो रसेल आश्रयात सोडला. मात्र प्लेगच्या साथीने प्रेअरी डॉगची वस्तीच्या वस्ती मरते, आणि मग फेरेटही.

लांडगे आणि ग्रिझली अस्वलं सोडणार का?

संस्थेचं म्हणणं 'नाही' असं आहे. पण ग्रिझली आपणहून रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेकडे माळावर येऊ लागली आहेत.

मूळ जमातींचं यात स्थान काय?

सगळ्यात आधीचं. बायसन संपवणं हा त्यांच्यावरचाच घाव होता. शेजारच्या फोर्ट बेलनॅप आरक्षित प्रदेशात आनी (ग्रो व्हाँत्र) आणि नाकोडा लोक राहतात. अमेरिकन प्रेअरी जन्मण्याआधीपासून त्यांनी स्वतःचा बायसन कळप राखला आहे. २०१३ साली यलोस्टोनच्या वंशाचे बायसनही तिथे आले. २०२० पासून त्यांनी स्विफ्ट फॉक्स हा छोटा कोल्हा आपल्या माळावर परत आणला.

महाराष्ट्रात असं करता येईल का?

जमीन विकत घेऊन, नाही. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि कमाल धारणेच्या कायद्याने कोरडवाहू जमिनीचीही मर्यादा ५४ एकर आहे. लाख एकरांचा खाजगी माळ इथे होऊच शकत नाही.

पण शेजाराचा धडा आपण स्वतः अनुभवला आहे. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आलं. त्यात बहुतेक जमीन शेतकऱ्यांची होती, गावंच्या गावं होती. खरेदी-विक्री, बांधकाम यांवर बंधनं आली आणि ज्या पक्ष्याला लोक पिढ्यान् पिढ्या ओळखत होते त्याच्याच नावाने ते संतापू लागले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ उसाखाली गेला होता. आज नान्नजला माळढोक दिसणं हा अपवाद.

गवत बँकेसारखं काही मात्र इथे बसू शकतं. गायरानं आहेत, वन विभागाची कुरणं आहेत, आणि धनगरांचे कळप शतकानुशतकं या माळावर चरत आले आहेत. इंदापूरजवळ कडबनवाडीला वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे, त्यात गावातली माणसं वाट दाखवतात. लांडगा आणि चिंकारा बघायला येणाऱ्याचे पैसे गावात राहतात. दुष्काळी वर्षी राखीव कुरणातलं गवत कळपवाल्यांना द्यायचं आणि बदल्यात माळ नांगरापासून वाचवायचा, असा करार गावपातळीवर करून पाहण्यासारखा आहे.

तिथे पाहायला जाता येतं का?

येतं. लुईसटाउन गावात संस्थेचं माहिती केंद्र आहे. बिलिंग्ज विमानतळावरून मोटारीने दोन-अडीच तास. तंबूच्या जागा आणि मुक्कामाच्या झोपड्या आहेत. परवानगीने शिकारही चालते, आणि स्थानिकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. बायसनपासून निदान १०० मीटर लांब राहा. पेट्रोल, पाणी, सुटं चाक बरोबर ठेवा, फोनला रेंज नसते. आणि पाऊस आला तर गाडी हलवू नका. तिथली चिकण माती, तिला ते 'गम्बो' म्हणतात, आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते. रस्ता सुकेपर्यंत एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवूनच निघा.